‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ नव्हे

संपादक महोदय,

‘अमुक उपचाराचा उपयोग नाही’ अशा मथळ्याच्या बातम्या आरोग्याच्या पानांवर अधूनमधून येतात. प्रयोग किती जणांवर झाला, हा आकडा मात्र त्यात बहुधा नसतो. तो का हवा, हे आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या कचऱ्यावरून सांगते.

घरोघर जाऊन समजावलं तर लोक ओला-सुका कचरा वेगळा करतात का, हे बघायचं ठरलं. 60 घरांच्या चिठ्ठ्या टाकून 30 निवडली, बाकीच्यांना काही सांगितलं नाही. कोणाला सांगितलंय हे कचरा नेणाऱ्या मावशींनाही ठाऊक नव्हतं. (एवढं पथ्य नावाजलेल्या प्रयोगांतही दर वेळी पाळलं जात नाही, बरं का!) महिन्याने मावशींच्या वहीत न सांगितलेल्यांपैकी 9 आणि सांगितलेल्यांपैकी 7 घरांपुढे फुली, म्हणजे कचरा एकत्रच, होती. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, एवढ्यातेवढ्या फरकाला काय अर्थ? मोहीम बंद.” जन्मभर सांख्यिकी शिकवली, पण मी कागदावर हिशेब मांडला तो सभा उठल्यावर!

समजावल्यामुळे कचरा एकत्र टाकणारी घरं खरोखरच 30 टक्क्यांवरून 20 वर येत असतील, असं धरा. तरी 30-30 घरांच्या प्रयोगात हा फरक पकडला जाण्याची शक्यता जेमतेम 15 टक्के. हीच त्या प्रयोगाची पॉवर. सांख्यिकीतज्ज्ञ जेकब कोहेन यांच्यापासून रूढ झालेल्या दंडकानुसार ती 80 टक्के हवी, आणि त्यासाठी दोन्ही गटांत प्रत्येकी 290च्या आसपास घरं लागतात.

दादरच्या पुलावर ऐन गर्दीत टीसी दोन मिनिटं उभा राहिला आणि ‘विनातिकीट कोणी नाही’ असं लिहून गेला, तर आपण हसू. पासवाल्याला उगाच दंड झाला तर ती पहिल्या प्रकारची चूक (नसलेला फरक दिसणं), फुकटा निसटला तर दुसऱ्या प्रकारची (असलेला फरक न दिसणं). जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या सांख्यिकीतज्ज्ञांनी 1933 साली या दोन्ही चुकांचा हिशेब एकत्र मांडला. पहिलीवर 5 टक्क्यांचा लगाम सगळे घालतात. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या 1925च्या पुस्तकापासून तो आकडा जणू सोवळ्यातला झालाय. दुसरीची विचारपूस कोणी करत नाही. 1978 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘फरक नाही’ म्हणणाऱ्या 71 वैद्यकीय चाचण्या तपासल्या गेल्या. उपचाराने 25 टक्के सुधारणा होत असली तरी ती नजरेतून सुटण्याचा धोका त्यातल्या 67 चाचण्यांत 10 टक्क्यांहून जास्त होता. अशा चाचण्यांपायी कामाचे उपचारही अडगळीत पडू शकतात.

तेव्हा बातमीत दोनच गोष्टी छापाव्यात: प्रत्येक गटात माणसं किती होती, आणि खरा फरक कुठपासून कुठपर्यंत असू शकतो. आमच्या कचऱ्याचंच बघा. समजावल्याने घोळ 29 टक्के-अंकांनी कमी झाला असेल किंवा 16 अंकांनी वाढलाही असेल, दोन्ही त्या वहीत बसतं. यातून मोहीम ‘निरुपयोगी’ कशी ठरते?

हे सगळं सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, “580 घरं कुठून आणू?” शेजारच्या तीन सोसायट्यांना पत्रं गेली आहेत. एकीचा होकार आलाय. मावशींनी नवी वही मागितली आहे.

– सांख्यिकीच्या एक निवृत्त प्राध्यापिका, मुलुंड (पूर्व), मुंबई