आबा, तुम्ही रान वाचायला शिकवलंत

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

चांदोलीच्या रानात तुम्ही माझ्याबरोबर चार दिवस हिंडलात, त्याला आता वर्ष होईल. प्रबंध पूर्ण झाला. तुमचे आभार पहिल्याच पानावर मानलेत, पण ते दोन ओळींत मावले नाहीत, म्हणून हे खुलं पत्र.

मी आले होते झाडं मोजायला. दोरीनं चौकट आखायची, खोडाचा घेर घ्यायचा, नाव लिहायचं. एका चौकटीत सगळी झाडं कोवळी, सारख्या घेराची. आणि लगतच जांभूळ, अंजनीची जाडजूड खोडं. उतार तोच, पाऊस तोच. मी दोन दिवस मातीचे नमुने घेत बसले. तुम्ही पायानं पाचोळा सारलात, दगडांची ओळ दाखवलीत आणि म्हणालात, "ही ताल हाय. खाली भाताचं खाचर व्हतं." जाड झाडं बांधावरची, पिढ्यान् पिढ्या राखलेली. कोवळी खाचरातली, गाव उठल्यावर आलेली.

मग ते ऐनाचं गाठाळ झाड. राबासाठी त्याच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या आणि तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर भाजायच्या. कोयता जिथं पुन्हा पुन्हा लागला तिथं गाठी. तोड थांबल्यावर त्या गाठींतूनच फांद्या सरळ वर गेल्या, सगळ्या जवळपास एका जाडीच्या. मी अशा झाडांपुढे 'रोगट' लिहीत होते! पुढं एका बुंध्यातून फुटलेले चार-पाच सोट दिसले, ते कधीतरी बुडापासून तोडल्याची खूण. तिथल्या सपाट गोल जागेत तुम्ही काठीनं उकरलंत तर काळी माती आणि कोळशाचे तुकडे. भट्टीची जागा.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. माझ्या वहीत या तारखा होत्या. गावं मात्र एका शब्दात आटपली होती: पुनर्वसित.

शेवटच्या दिवशी तुम्ही एका जोत्यावर बसलात. शेजारी देवचाफा, मागं परड्यातला आंबा. उखळात साठलेलं पाणी ओंजळीनं उपसून झाल्यावर सांगितलंत, "हे आमचंच घर." खालच्या गवतात गवे चरत होते. ते गवत म्हणजे तुमची जुनी शेतं. गव्यांना आज जे मोकळं कुरण मिळतंय ते तुमच्या आज्या-पणज्यांनी दगड वेचून, ताली घालून केलेलं आहे, हे मी प्रबंधात ठामपणे लिहिलंय, आणि परीक्षकांपुढंही तेच सांगितलं.

खाचरं, ताली, भट्ट्या, जोती असा सगळा नकाशा तयार आहे. पाऊस लागायच्या आत तो घेऊन तुमच्या नव्या गावी येते. पाणवठ्याची वाट मला अजून नीट जुळवता आलेली नाही. काकूंनाही बसवा नकाशापुढं. त्या वाटेनं पाणी त्याच आणत होत्या.

तुमची,
झाडं मोजणारी पोरगी