हेडरची खरी चूक सुटली, खोट्या खुणा मात्र ढिगाने: तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे छोटे युनिट आहे. हायड्रॉलिक प्रेसचे कंट्रोलर आम्ही बनवतो, त्यांचा सी भाषेतला कोडही इथेच लिहितो. तुमच्या कोड तपासणीचे वर्षाचे पैसे आगाऊ भरले ते एकाच कारणासाठी. एखादे हेडर (फंक्शने आणि डेटाचे प्रकार आधीच जाहीर करणारी फाइल) इन्क्लुड करायचे, म्हणजे कोडमध्ये जोडायचे राहिले, तर ते मशीनवर जाण्याआधी कळावे.

दोन महिन्यांपूर्वीच्या अपडेटपासून उलटेच चालले आहे. जिथे 'साइझ_टी' (आकार मोजायचा संख्येचा प्रकार) दिसेल तिथे 'एसटीडीडेफ.एच' हे हेडर नाही म्हणून लाल खूण. त्या फाइलींत 'स्ट्रिंग.एच' आहे, आणि 'साइझ_टी' त्यातून मिळालेच पाहिजे असे सीचे मानकच सांगते. एका सकाळी अशा २१४ खुणा आल्या. "सर, परत सगळं लाल झालंय की," म्हणत पोरे आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी खुणा वाचणेच सोडले. मी त्यांना दोष देत नाही.

खरी चूक मात्र सुटली. दाब वाचणारे आमचे फंक्शन फ्लोट, म्हणजे दशांश संख्या परत करते. त्याचे हेडर एका फाइलमध्ये चुकून सिम्युलेटरसाठीच्या 'इफडेफ'च्या आत, म्हणजे फक्त सिम्युलेटरच्या बिल्डमध्ये घेतल्या जाणाऱ्या भागात गेले होते, त्यामुळे मशीनच्या बिल्डमध्ये ते येतच नव्हते. तुमच्या तपासणीला इन्क्लुडची ओळ दिसली आणि तिने फाइल पास केली. आमचा कंपायलर (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) जुना जीसीसी. डिक्लरेशनशिवाय, म्हणजे आधी जाहीर न करता फंक्शन वापरण्याची मुभा १९९९ च्या मानकाने काढली, तरी जीसीसी त्यावर एरर देऊ लागला तो २०२४ मध्ये, १४ व्या आवृत्तीपासून. त्याआधी नुसती वॉर्निंग. फंक्शन इंट (पूर्णांक) परत करते असे त्याने धरून टाकले. खानापूरच्या गिऱ्हाइकाकडे गेजचा काटा १२० बारवर, आणि आमच्या स्क्रीनवर भलताच आकडा. ऑपरेटरचे लक्ष काट्याकडे गेले आणि त्याने प्रेस बंद केला, म्हणून निभावले. त्या प्रेसमध्ये दिवसभर माणसांचे हात जात-येत असतात.

हे तीनदा कळवले. तिन्ही वेळा 'कॅशे साफ करून पाहा' एवढेच उत्तर आले.

नुसती इन्क्लुडची ओळ शोधून भागणार नाही. आमच्या बिल्डचे मॅक्रो (कोणता भाग घ्यायचा ते ठरवणारी नावे) घेऊन, प्रीप्रोसेसरनंतर, म्हणजे कंपायलच्या आधी 'इफडेफ'सारख्या अटी लावून झाल्यावर, फाइलमध्ये काय उरते ते तपासा. 'साइझ_टी'चा नियम दुरुस्त होईपर्यंत तेवढाच बंद करायची सोय द्या. आज तो बंद केला की हेडरची सगळी तपासणीच बंद पडते. आणि या दोन महिन्यांचे पैसे परत करा.

दोन्ही फाइली आणि बिल्डची कमांड सोबत जोडली आहे. तुमच्या इंजिनिअरने एकदा चालवून पाहावे, पाच मिनिटांत दिसेल.

आपला,
प्रोप्रायटर, कंट्रोलर युनिट
उद्यमबाग, बेळगाव