तापात तुझं काहीच चुकलं नाही

प्रिय मैत्रिणी,
सप्रेम नमस्कार.

लेकीच्या मेंदूला सूज आल्यापासूनचा "मी आणखी काय करायला हवं होतं?" हा तुझा प्रश्न मनातून जाईना, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

हर्पीस सिम्प्लेक्स १ हा विषाणू जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगात मुक्कामाला असतो. फार तर ओठावर फोड येतात, कित्येकांना तेही नाही. मग तुझ्याच लेकीच्या मेंदूला सूज का आली? झां-लोराँ कासानोव्हा या संशोधकांच्या पॅरिसमधल्या गटाला अशा मुलांमध्ये २००६ साली यूएनसी९३बी१ या जनुकात दोष सापडला, पुढच्याच वर्षी टीएलआर३मध्ये. टीएलआर३ हा पेशीतला पहारेकरी. विषाणूच्या आरएनएची चाहूल लागली की तो इशारा देतो आणि पेशी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला रोखणारं प्रथिन, बनवते. तोच अधू असला तर मेंदूच्या पेशींना हे वेळेत जमत नाही आणि विषाणू फोफावतो. रक्तातल्या पेशी मात्र दुसऱ्या वाटांनी इंटरफेरॉन बनवतात! म्हणून तर असं मूल एरवी ठणठणीत असतं, रक्ताचे नेहमीचे रिपोर्टही चांगले येतात. 'हिची प्रतिकारशक्तीच कमी' असं कुणी म्हणालं तर खुशाल सांग, तसं नसतं.

असा दोष बऱ्याचदा आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि त्यांना स्वतःला कधी काही झालेलं नसतं. एका दुर्मिळ आजारात फ्लूच्या तापात थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाला इजा होते, त्यातल्या आरएएनबीपी२ जनुकाचंही तेच. त्या जनुकात दोष असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यभर काही होत नाही. यात अपराध कसला गं?

जनुकांची तपासणी जरूर करा. पण ओळखीचा दोष थोड्याच मुलांमध्ये सापडतो, तेव्हा रिपोर्ट कोरा आला तर खचू नकोस. धाकट्याला तापात गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा झटका आला, तर थेट इस्पितळ गाठायचं आणि ताईचा आजार आधी सांगायचा. असायक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध शंका येताच शिरेतून सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. लेकीला ते त्याच रात्री मिळालं, कारण "ती मला ओळखत नाहीये" म्हणत तू दारात अडून बसलीस. हे मी विसरू देणार नाही तुला.

चमच्याला ती अजून 'ते खायचं' म्हणते, असं लिहिलंस. हा विषाणू कानशिलामागचा भाग धरतो, शब्द आणि आठवणी तिथल्याच. स्पीच थेरपी सोडू नका.

एमआरआयची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये लाव. जेनेटिक समुपदेशकांकडे मी येतेय तुमच्याबरोबर, तारीख तेवढी कळव.

तुझीच,
मैत्रीण