उभी पऱ्हाटी नांगरणारं सरकार

लबक, टेक्सास

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. 'तिकडे अमेरिकेत शेतकरी दोन टक्केसुद्धा नाहीत, मग सरकार त्यांचे एवढे लाड का करतं?' हे तू विचारलंस. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

मी राहतो तो कापसाचाच मुलूख. वेचणी यंत्राने होते. नोव्हेंबरात शेतोशेती गुलाबी नाहीतर पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे अवाढव्य गठ्ठे पडलेले दिसतात. भाव पडला तर यांना सरकार आहे.

सुरुवात १९३३ची. मंदीत कापूस मातीमोल झाला, तेव्हा रूझवेल्टच्या सरकारने कायदा केला: कमी पेरा, पैसे घ्या. पण कायदा झाला मे महिन्यात, आणि दक्षिणेत तोवर कापूस उगवून वर आलेला. मग उभी पऱ्हाटीच नांगरायला लावली, सुमारे १ कोटी एकर! पिकावर पाय द्यायचा नाही हे खेचरांच्या अंगवळणी पडलेलं. ती ओळीत शिरायलाच तयार नव्हती म्हणतात. भाव चढावा म्हणून त्याच वर्षी सुमारे ६० लाख डुकरंही मारली. लोक उपाशी असताना.

पैसे आले ते जमीनमालकाच्या हातात. बटईदाराचा वाटा कित्येकांनी दिलाच नाही, वर पेरा कमी झाला म्हणून त्याला घरातूनही काढलं. १९३४ मध्ये आर्कान्सात काळ्या आणि गोऱ्या बटईदारांनी मिळून संघटना काढली ती यातूनच. लाभ जमिनीमागे जातो, घाम कुणाचाही असो. हे तुला नवीन नाही.

१९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा उडवला, १९३८ मध्ये दुसरा आला. पण खरी मेख १९४९च्या कायद्यात आहे. तो आजही रद्द झालेला नाही. दर काही वर्षांनी येणारा नवा शेती कायदा त्याला तात्पुरता बाजूला ठेवतो, एवढंच. नवा झाला नाही तर जुने हमीभाव परत लागू होतात, तेही शेतमालाची १९१०-१४ मधली खरेदीशक्ती धरून ठरवलेले! २०१२ च्या शेवटी तर दुधाचा भाव दुप्पट होईल म्हणून धावपळ उडाली होती. त्यामुळे काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, काहीतरी करावंच लागतं.

आणि मतं? १९७३ पासून गरिबांना अन्नासाठी मदत देणारी फूड स्टँप योजना याच शेती विधेयकात बसवली आहे. शहरातले खासदार कापसाला मत देतात, गावाकडचे फूड स्टँपला. २०१३ मध्ये प्रतिनिधीगृहाने दोन्ही वेगळे करून पाहिले, २०१४ च्या कायद्यात पुन्हा एकत्र आले.

ब्राझीलची गोष्ट तर कहर आहे. २००२ मध्ये त्यांनी कापसाच्या अनुदानावरून जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेला खेचलं आणि ते जिंकले. अमेरिकेने काय करावं? अनुदान तसंच ठेवून २०१० पासून ब्राझीलला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं! २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. मालीसारखे आफ्रिकेतले गरीब देशही याच कापसापायी ओरडत होते. त्यांच्या हाती असं काही पडलं नाही.

२०२५ च्या ऑगस्टात आपल्याकडे कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं, तेव्हा तू किती चिडला होतास ते आठवतंय. चिडणं रास्तच होतं. समोरच्याचा भाव त्याचं सरकार धरून ठेवतं.

तुझ्याकडे सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) ओलाव्याच्या नावाखाली किती कापूस परत पाठवते ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय