इस्त्रीवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

हे पत्र तुमच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल. समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ताई त्यात काय" म्हणून पुढचा शर्ट ओढता आणि विषय संपतो, म्हणून लिहायचं ठरवलं. आणि सगळ्यांनी वाचावं असं मुद्दाम लिहितेय, कारण नाशकात पाथर्डी फाट्याच्या आमच्या बाजूला निम्म्या बिल्डिंगा बोअरच्या पाण्यावर आहेत आणि घरोघरी रड तीच आहे, मशीन महागाचं, पावडर महागाची, तरी पांढरे कपडे पिवळट आणि टॉवेल पापडासारखे कडक.

तुम्ही कपडा कधी धुतला नाहीत आमचा, फक्त हातात घेऊन इस्त्री फिरवलीत आणि सांगितलंत की ताई यात पावडर राहिलीय. मला आधी पटलं नाही खरं सांगते, इस्त्रीवाल्याला काय कळणार धुण्यातलं असं सगळ्यांनाच वाटतं. पण तुम्ही कॉलर दाखवली. गरम इस्त्री फिरली की तिथे तपकिरी छटा यायची, आम्ही समजायचो कापड जळलं, तुम्ही म्हणालात कापड नाही, आत राहिलेली पावडर भाजली जातेय. मग म्हणालात घरी जाऊन धुतलेलाच टॉवेल बादलीत कोमट पाण्यात टाका, काहीही घालू नका, नुसता पिळा. टाकला आणि फेस आला की हो! धुऊन वाळवून घडी घालून ठेवलेल्या टॉवेलमधून फेस. सासूबाई बघायला आल्या, शेजारच्या वहिनी आल्या, त्यांच्या टॉवेलातूनही तेच.

दोन बाटल्यांची गंमत तर मी आता सगळ्यांना करून दाखवते. एकीत महापालिकेचं नळाचं पाणी, दुसरीत आमच्या बोअरचं, दोन्हीत साध्या साबणाच्या वडीचा कीस (पावडर नाही, वडीच), झाकण लावून हलवायचं. नळाच्या पाण्यात वरपर्यंत फेस आणि बोअरच्या पाण्यात फेस नाहीच, नुसतं पांढरं फुटलेल्या दुधासारखं. आपल्याकडे खाली काळा कातळ, त्यातून पाणी झिरपत येताना कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊन येतं आणि साबण आधी त्यालाच जाऊन चिकटतो, मळापर्यंत पोचतच नाही. आमच्या सोसायटीने नंतर पाणी लॅबमध्ये दिलं तेव्हा कळलं, पिण्याच्या पाण्याला आपल्या मानकात लिटरमागे 200 मिलिग्रॅम जडपणा (म्हणजे हेच कॅल्शियम मॅग्नेशियम) ठीक धरतात, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात, आमचं 200 च्या बरंच वर निघालं. लॅबने पैसे घेऊन सांगितलं, तुम्ही फुकट.

आता मजा अशी की पाणी जड आहे म्हटल्यावर सगळे काय करतात, पावडर वाढवतात. जाहिरातीत पण फेसच दाखवतात ना. तुमचं म्हणणं उलटं, आधी पाण्याचं काहीतरी करा, पावडर आहे त्याहून कमी घाला आणि खळबळायला एक पाणी जास्त घ्या. धुण्याचा सोडा चमचाभर आधी पाण्यात विरघळवायचा (खायचा नाही, धुण्याचा, किराणावाल्याला तसंच सांगायचं नाहीतर तो खायचा देतो), तो कॅल्शियमला धरून बसतो आणि पावडरला तिचं काम करायला मोकळीक मिळते. रेशमी आणि लोकरीला अजिबात नाही, आणि हाताने धुणार असाल तर हात कोरडे पडतात हेही तुम्हीच बजावलंत. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात जमलं तर सोन्याहून पिवळं, म्हणून आता नळ यायच्या वेळेला आमच्याकडे बादल्यांची लाईन लागते, नवरा हसतो पण भरतो.

मशीन गच्च भरायचं नाही, वर हात आत जाईल एवढी जागा ठेवायची. जास्त फेस झाला की कपडे एकमेकांवर घासतच नाहीत, फेसाच्या गादीवर लोळतात नुसते. हे तर मशीनच्या पुस्तकातही असणार, पण पुस्तक वाचतं कोण.

नवरा अंबडला कंपनीत आहे, युनिफॉर्मला रोज ऑइल ग्रीस. तुमची युक्ती म्हणजे पाणी लागायच्या आधी, कोरड्यावरच, भांडी घासायचं लिक्विड चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि मग धुवायचं. पाणी आधी लागलं की तेलकट डागात लिक्विड नीट मुरत नाही. कॉलरचा काळा पट्टाही असाच जातो, शेवटी तो अंगाचा तेलकटपणाच, त्यावर ब्रश घासून घासून आमच्या किती कॉलरी फाटल्यात पूर्वी.

रक्त, दूध, अंडं म्हणजे गार पाणी. हे मुलाच्या गुडघ्यामुळे कळलं, रोज पडून येतो. गरम पाण्यात टाकलं की ते कापडात शिजून बसतं आणि मग निघत नाही. एंझाइमवालं पावडर अशा डागांना चांगलं, पण तेच पावडर रेशमाला खातं कारण रेशीमही त्याच जातीचं, प्रोटीनच. माझ्या वहिनीची येवल्याची पैठणी तुम्ही हातात घेतलीत आणि इस्त्री न करता तशीच परत दिलीत, "ही माझ्याकडे नको, ड्रायक्लीनला द्या". सहज पैसे घेता आले असते. साध्या रेशमी ब्लाऊजला मात्र रिठ्याचं पाणी सांगितलंत, तेव्हापासून रिठे घरात असतातच.

हळदीचं मला सगळ्यात आवडलं. लेकीच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर भाजी सांडली, साबण लावला तर डाग लालभडक, मी घाबरले. तुम्ही हसलात, म्हणालात हळदीला साबण किंवा चुना लागला की लालच होणार, कुंकू कसं करायचे मग पूर्वी. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, हळद उन्हाला टिकत नाही. दुपारपर्यंत डाग गेला. कुठलंही ब्लीच नाही काही नाही. (ब्लीचवरून आठवलं, ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका हो कोणी, विषारी गॅस होतो, मोबाईलवर लोक काहीही युक्त्या पाठवतात.)

रंगपंचमीबद्दल मात्र तुम्ही हात वर केलेत. दीर जुन्या नाशकात जाऊन रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेला जुना हौद) उडी मारून आला, शर्ट घेऊन तुमच्याकडे, आणि तुम्ही म्हणालात हा शर्ट आता रंगपंचमीचाच, नीट घडी घालून ठेवा पुढच्या वर्षीला. प्रत्येक डागाला उपाय सांगणारा माणूस असता तर माझा विश्वास बसला नसता, हे ऐकून बसला.

पण काका, थँक्यू खरं म्हणायचंय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मशीन शेवटचं फिरून थांबलं की कपडे आत पडू देऊ नका, लगेच काढा, एकेक जोरात झटका, शर्ट हँगरलाच वाळत घाला, शिवण हाताने ओढून सरळ करा, टेरीकॉटच्या घरातल्या कपड्यांना मग इस्त्री लागतच नाही, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे आमच्या गाठोड्यातले निम्मे कपडे कमी झाले, तेही तुमच्याच सांगण्यावरून! मी विचारलं सुद्धा, अहो तुमचं नुकसान नाही का. तुम्ही गाड्यावरच्या गाडगेबाबांच्या फोटोकडे बघून म्हणालात आमच्या जातीतला देवमाणूस तो, हातात झाडू घेऊन गावं साफ करत फिरला, आम्ही कपडे स्वच्छ कसे राहतील एवढं तरी सांगावं. आणि मग वडिलांबद्दल सांगितलंत, ते गोदाकाठी धुणं धुवायचे, पाण्यात पाय ठेवला की आज कपडा कसा निघेल हे त्यांना कळायचं. तुम्हाला कपडा हातात घेतल्यावर कळतं ते तिथूनच आलं असणार. हे शिकायला कुठे कॉलेज नाही आणि त्याचे कुणी तुम्हाला वेगळे पैसेही देत नाही.

पावसाळ्यातलं लिहायचं राहिलं. कपडे दाटीवाटीने नाही, मध्ये वारा जाईल असे लावायचे, दोनदा स्पिन, खाली फॅन. आणि इस्त्री होऊन आलेले कपडे गरम असताना कपाटात कोंबायचे नाहीत, वाफ आतच राहते आणि कुबट वास येतो, जरा बाहेर पसरून ठेवायचे. मशीनचं दार उघडं, रबराच्या खाचा पुसून घ्यायच्या. यंदा आमच्या कपाटाला वास नाही.

शेजारच्या वहिनी विचारत होत्या की टॉवेलला ते वासाचं कंडिशनर घालू का, मी तुमच्या वतीने नको सांगितलंय, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही, बरोबर ना? चुकलं असेल तर सांगा.

थंडी सुरू झालीय, स्वेटर माळ्यावरून काढलेत, एकाला कसर लागलीये. ते दाखवायला रविवारी येते. भद्रकालीत रिठे आणायला जाणारच आहे, तुम्हाला किती आणू ते मुलाला सांगून मेसेज करायला लावा, आणि पैशांचं बोलायचं नाही.

तुमची,
बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरची ताई