सूचना: फिल्टर घेण्याआधी पाणी मोजा
सभासदांनो, नवा फिल्टर घेणाऱ्यांसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. वापरून लगेच परत करावा.
महापालिकेचे गंगापूर धरणाचे पाणी मुळात गोडे, त्याला सहसा यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणीचा फिल्टर) पुरते. आरओ (क्षारही काढणारा फिल्टर) लागतो तो बोअरच्या जड पाण्याला, ज्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. मात्र मीटर क्षार दाखवतो, जंतू नाही. आकडा कमी आला म्हणून फिल्टरच नको, असे करू नका.
दारावर येणारे विक्रेते पाण्यात विजेचे रॉड बुडवून ते काळे-पिवळे करून दाखवतात. तो रंग बहुतेक रॉडच्याच लोखंडाचा, भुलू नका! आरओचे वाया जाणारे पाणी बादलीत धरा, फरशीला चालते.
– सचिव