प्लगचे आटे गेले म्हणून हेड टाकून देऊ नकोस

कोल्हापूर,
१२ जुलै

प्रिय विज्या,

तुझं पत्र मिळालं. ‘स्पार्क प्लग आवळतोय, पण नुसताच फिरतोय’ हे वाचलं आणि अण्णांची स्प्लेंडर डोळ्यांसमोर आली. सर्व्हिसिंगला दिली होती, तिथल्या पोराने गरम इंजिनात प्लग तिरका लावला आणि पान्याने तसाच रेटला. आठ दिवसांत चढाला फुसफुस आवाज, प्लगभोवती काळं तेल, गाडीला दम नाही. प्लग काढला तर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून आली. हेडचे, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाचे, आटेच होते ते. मला फार वाईट वाटलं रे, अण्णांनी किती जपली होती ती गाडी.

तुला हेड बदलायला सांगताहेत, बदलू नकोस. आणि कुणी फॉइल गुंडाळून किंवा एम-सील लावून देतो म्हणाला, तर गाडीला हात लावू देऊ नकोस. आत पेट्रोल पेटतं तेव्हा त्या १० मिलिमीटरच्या भोकावर २५-३० किलोचा धक्का बसतो. असला प्लग गोळीसारखा उडतो.

हेलिकॉइल बसवून घे. जुने आटे काढून भोक थोडं मोठं करतात, खास टॅपने नवे आटे पाडतात आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी फिरवून बसवतात. आतून परत मूळ मापाचेच आटे मिळतात, आणि ते स्टीलचे, म्हणून पहिल्यापेक्षा दणकट. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून काहीजण हेड न उतरवताच करतात. पण कीस खाली पडला की सिलेंडरवर ओरखडा आलाच. माझं ऐक, हेड उतरवच. फक्त परत बसवताना टायमिंगची, म्हणजे वाल्व उघडण्याची वेळ ठरवणारी, खूण नीट जुळव.

उद्यमनगरातल्या आमच्या टर्नरचा हात मी जवळून पाहिलाय. गुंडाळी त्याने वायसरच्या बैठकीपेक्षा अर्धा फेरा खाली नेली, मग तिची शेपटी, म्हणजे ती फिरवायला धरायचा खालचा तुकडा, तोडून चिमट्याने उचलली आणि मला दाखवली, आत राहिली नाही म्हणून. गुंडाळीची लांबी मात्र प्लगच्या आट्यांएवढीच हवी, स्प्लेंडरच्या प्लगला १२.७ मिलिमीटर. लांब झाली तर टोक आत लाल होऊन पेट्रोल वेळेआधी पेटवतं, आखूड झाली तर उघड्या आट्यांत काजळी धरते.

नंतर प्लग थंड इंजिनातच लाव. त्याच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा चढव आणि बोटांनी फिरव. आधी जरा उलटा, ‘टक्’ झालं की सुलटा. आटा चुकला तर नळीच घसरते, आट्याला काही होत नाही. वायसर टेकला की नव्या प्लगला पान्याने अर्धा फेरा, बस्स.

टर्नरशी बोललोय. शनिवारी हेड घेऊन ये, आणि जुना प्लगही आण. तो हातात घेतल्याशिवाय हा माणूस गुंडाळी निवडत नाही.

तुझा,
सुन्या